द्राक्षाचा घड आणि प्रोटीनचा सरफेस : पहिल्यांदाच मोठे रेणू बघायला बसणाऱ्यांसाठी

सांगलीत एम.एस्सी.च्या पोरापोरींची प्रॅक्टिकलं घेते मी, आणि दरवर्षी पहिल्या पंधरा दिवसांत कुणीतरी मोबाईल पुढं करून विचारतंच, "मॅडम, हे असले निळे-लाल गोळ्यांचे फोटो कसे काढत्यात ओ?" ते गोळे म्हणजे प्रोटीनचा सरफेस. फोटो काढणं अवघड नाहीच, दहा मिनिटांत निघतो. पण त्यातला निळा म्हणजे काय, खाच खरी आहे का सॉफ्टवेअरनं तशी दाखवलीय, आणि दुसऱ्यानं तोच रेणू घेतला तर त्याला तशीच खाच दिसंल का, हे विचारलं की सगळे गप्प. म्हणून हे सगळं एकदा बैजवार लिहून काढतेय. बायोटेक, मायक्रो, केमिस्ट्री, फार्मसी कुठलंही बॅकग्राउंड असू दे, बारावीचं केमिस्ट्री आठवत असलं तरी पुरे.

आधी सामान

साधा लॅपटॉप चालतो, पण एक चाकाचा माऊस घ्याच, टचपॅडवर रेणू फिरवून फिरवून हात भरून येतो आणि झूम करायला गेलं की भलतंच होतं. सॉफ्टवेअर मी कायमेरा एक्स वापरते, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत बनलेलं, शिक्षण आणि बिनधंद्याच्या कामासाठी फुकट. पायमॉल पण चांगलं आहे, वॉरन डिलानो यांनी सुरू केलेलं, त्याची ओपन सोर्स आवृत्ती मिळते. व्हीएमडी हे इलिनॉय युनिव्हर्सिटीचं, हलणाऱ्या रेणूंच्या सिम्युलेशनसाठी जास्त कामाचं. तिन्ही एकदम शिकायला जाऊ नका, एक धरा आणि महिनाभर तेच वापरा.

लॅपटॉप जुना असंल तर कायमेरा एक्स उघडतच नाही असं होऊ शकतं, कारण त्याला ग्राफिक्समध्ये ओपनजीएल ३.३ लागतं. अशा वेळी नवीन लॅपटॉपसाठी घरी भांडत बसू नका. प्रोटीन डेटा बँक म्हणजे रेणूंच्या रचनांचा साठा, तिच्या वेबसाइटवरच मॉलस्टार नावाचा व्ह्यूअर आहे, तो ब्राउझरमध्ये चालतो, मोबाईलवर पण चालतो, आणि खालच्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी त्यात बघता येतात.

एक सूचना. या लेखात मी कमांडचे उच्चार देवनागरीत लिहितेय, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या. आणि शक्य तिथं बटनं सांगितलीत, कायमेरा एक्सच्या वरच्या पट्टीत जवळजवळ सगळं सापडतं.

पायरी १ : रेणू निवडा, पण प्रश्नासकट

प्रोटीन डेटा बँक १९७१ साली ब्रूकहेवनला सुरू झाली तेव्हा तिच्यात फक्त ७ रचना होत्या. आज २ लाखांच्या वर आहेत. प्रत्येकीला चार अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. एवढ्यातनं कुठलीतरी उचलली आणि फिरवत बसलं तर छान वाटतं पण हाताला काही लागत नाही, म्हणून पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच देते, कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम. नंबर १एचईडब्ल्यू.

हेच का, तर ते लहान आहे, १२९ अमिनो आम्लं, वजन साधारण १४,३०० डाल्टन, कुठलाही लॅपटॉप चटकन काढतो. आणि ते इतिहासातलं पहिलं एन्झाइम आहे ज्याची त्रिमिती रचना माणसानं बघितली, १९६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटानं. त्यांना दिसलं की या रेणूच्या अंगावर एक लांब खाच आहे, आणि बॅक्टेरियाच्या भिंतीतली साखरेची साखळी त्या खाचेत बसते आणि तिथंच तुटते. आपल्या डोळ्यांतल्या पाण्यातसुद्धा लायसोझाइम असतं, ते याच कामाला. तर आपला आजचा प्रश्न एवढाच : ती खाच मला माझ्या स्क्रीनवर दिसते का, आणि कशामुळं दिसते?

पायरी २ : उघडायच्या आधी पान वाचा

ही पायरी सगळे गाळतात. वेबसाइटवर नंबर टाकला की त्या रचनेचं एक पान येतं, ते चहा पिता पिता वाचून काढा. रचना कशानं काढलीय, एक्स-रे का इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी का एनएमआर. रिझोल्युशन किती, आपल्या १एचईडब्ल्यूचं १.७५ अँगस्ट्रॉम आहे, चांगलं आहे. हा आकडा जेवढा लहान तेवढं बारीक दिसलंय. अँगस्ट्रॉमचा अंदाज हवा तर एका मिलिमीटरमध्ये एक कोटी अँगस्ट्रॉम बसतात, आणि आपलं लायसोझाइम त्यातलं साधारण ४५ बाय ३० बाय ३०.

मग बघा सोबत दुसरे रेणू कोण आहेत. १एचईडब्ल्यूमध्ये प्रोटीनबरोबर साखरेच्या तीन कड्यांचा एक तुकडा बसलेला आहे. हा आपला वाटाड्या, खाच कुठं आहे ते तोच दाखवणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बायोलॉजिकल असेंब्ली, म्हणजे शरीरात असतो तसा पूर्ण रेणू. क्रिस्टलमधला जेवढा भाग फाइलमध्ये लिहिलेला असतो तेवढाच रेणू असतो असं नाही. मी स्वतः शिकत असताना हिमोग्लोबिनची १एचएचओ ही फाइल घेतली होती, सरफेस काढला, आणि एका बाजूला मला मोठी तेलकट सपाट जागा दिसली. मी इतकी खूष झाले की प्रोजेक्टमध्ये दोन पानं लिहिली, इथं औषध बसू शकेल म्हणून. त्या फाइलमध्ये हिमोग्लोबिनचा निम्माच भाग असतो, चारपैकी दोन साखळ्या, बाकीच्या दोन सिमेट्रीनं तयार करून घ्यायच्या असतात, आणि मला दिसलेली मोकळी जागा म्हणजे उरलेला निम्मा भाग जिथं चिकटून बसतो ती जागा. शरीरात ती उघडी नसतेच. तीन महिन्यांचं काम परत करावं लागलं. तेव्हापासून मी पोरांना पान वाचल्याशिवाय फाइल उघडू देत नाही. कायमेरा एक्समध्ये पूर्ण रेणू करायचा तर कमांड आहे "सिम हॅश १ असेंब्ली १", नाहीतर वेबसाइटवरनंच असेंब्लीची फाइल डाउनलोड करायची.

पायरी ३ : उघडा आणि पाणी काढून टाका

खालच्या कमांडच्या ओळीत "ओपन १एचईडब्ल्यू" टाका, नेट असंल तर फाइल आपोआप येते. पहिल्यांदा फिती दिसतील, त्याला कार्टून म्हणतात, साखळी कशी वळत गेलीय ते दाखवणारं चित्र. आजूबाजूला लाल ठिपके विखुरलेले दिसतात ते पाण्याचे रेणू, क्रिस्टलमध्ये एकेका जागी बसलेले. "डिलीट सॉल्व्हंट" केलं की जातात. सुरुवातीला काढाच, नंतर अनुभव आला की एखादं खाचेच्या तळातलं पाणी मुद्दाम ठेवायचं असतं, ते पुढचं पुढं.

डावं बटन दाबून फिरवा, चाकानं जवळ-लांब करा. पाच मिनिटं नुसतं फिरवा. खरंच. हाताला सवय झाली की डोळ्याला खोली कळायला लागते.

पायरी ४ : सरफेस म्हणजे नेमकं काय

आता इथं जरा थांबूया, कारण सगळा खेळ इथंच आहे आणि पुस्तकातली व्याख्या वाचून हे कुणाच्या डोक्यात शिरलेलं मी बघितलं नाही.

आमचं गाव तासगावकडचं, घरी द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर मणी लहान असतानाच घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) पाण्यात बुडवतात, त्याला डिपिंग म्हणतात, सांगली जिल्ह्यातल्या पोरांना हे सांगायला नको. मगात औषधाचं पाणी, घड त्यात बुडवायचा, काढायचा, पुढचा घड. माझे आण्णा नेहमी एकच गोष्ट बघायचे, घड फार दाट आहे का. दाट घडात बाहेरचे मणी भिजतात पण आतल्या मण्यांच्या मधल्या फटीत पाणी नीट जात नाही, म्हणून आधी विरळणी.

प्रोटीन म्हणजे असाच एक घड समजा. प्रत्येक मणी म्हणजे एक अणू. फरक एवढा की द्राक्षाचे मणी एकमेकाला टेकतात, आणि बंधानं जोडलेले अणू एकमेकांत थोडे घुसलेले असतात. मण्याचा आकार ठरलेला असतो, त्याला व्हॅन डर वाल्स त्रिज्या म्हणतात : कार्बन १.७ अँगस्ट्रॉम, नायट्रोजन १.५५, ऑक्सिजन १.५२, गंधक १.८, हायड्रोजन १.२. हे १९६४ साली बाँडी यांनी दिलेले आकडे आजही सगळीकडं चालतात. या सगळ्या मण्यांची बाहेरची साल म्हणजे पहिला सरफेस, व्हॅन डर वाल्स सरफेस. नुसते गोळे. कायमेरा एक्समध्ये अणूंना स्फिअर स्टाइल दिली की हेच दिसतं.

अणू हे एकमेकांत एका मर्यादेपलीकडं न घुसणारे गोळे आहेत ही कल्पना आपल्याकडं फार मोठ्या कामाला आलीय. मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ साली आपल्या सहकाऱ्यांसोबत याच हिशोबावर दाखवून दिलं की प्रोटीनची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते आणि कुठल्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात. रामचंद्रन प्लॉट तो हाच, अभ्यासक्रमात पाठ करतो तो.

पण या पहिल्या सरफेसमध्ये गोळ्यांच्या मधल्या सगळ्या फटी दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच फटींत पाण्याचा रेणूसुद्धा शिरू शकत नाही. मग त्या फटी असून नसल्यासारख्याच. म्हणून ली आणि रिचर्ड्स यांनी १९७१ साली असा विचार मांडला की पाण्याचा रेणू म्हणजे १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येची एक गोळी समजायची आणि ती प्रोटीनवरनं फिरवायची. आपल्या भाषेत, द्राक्षाच्या घडावरनं एक वाटाणा घरंगळत न्यायचा, कुठंही उचलायचा नाही, मण्यांना टेकवतच न्यायचा. वाटाण्याचा मध्यबिंदू हवेत जी रेघ काढत जातो ती सगळीकडनं जोडली की तयार होतो सॉल्व्हंट ॲक्सेसिबल सरफेस. हा खऱ्या रेणूपेक्षा थोडा फुगलेला असतो, कारण मध्यबिंदू सालीपासनं एक त्रिज्या लांब राहतो.

आणि त्याच वाटाण्याची आतली बाजू, म्हणजे घडाकडची, जिथपर्यंत पोचते तो झाला मॉलेक्युलर सरफेस, सॉल्व्हंट एक्सक्लुडेड सरफेस पण म्हणतात. यात जिथं वाटाणा मण्याला टेकतो तिथं मण्याची साल जशीच्या तशी, आणि जिथं फटीवरनं पूल टाकल्यासारखा जातो तिथं वाटाण्याचाच बाक उमटतो. रिचर्ड्स यांनी हे १९७७ ला मांडलं आणि मायकल कॉनली यांनी १९८३ ला त्याचं नेमकं गणित बसवलं, म्हणून जुने लोक याला कॉनली सरफेस म्हणतात. तुम्ही पेपरमध्ये बघता ते गुळगुळीत चित्र बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणजे लक्षात घ्या, प्रोटीनच्या अंगावर अशी कातडी चिकटवलेली नाही. आपण विचारतो "पाणी कुठपर्यंत पोचतं?" आणि त्याचं उत्तर म्हणजे सरफेस. वाटाण्याच्या जागी बोर घेतलं तर उत्तर बदलणार.

आकारासाठी तिसरा (मॉलेक्युलर), माप घ्यायचं तर दुसरा (सॉल्व्हंट ॲक्सेसिबल), एवढं डोक्यात ठेवा. दोन्हीची गल्लत झाली की आकडे जुळत नाहीत आणि मग सॉफ्टवेअर चुकलंय असं वाटायला लागतं.

पायरी ५ : काढा, आणि गोळी बदलून बघा

"सरफेस प्रोटीन" टाका. झालं, एका क्षणात गोळा तयार. वरच्या पट्टीत मॉलेक्यूल डिस्प्लेमध्ये सरफेसेसचं शो बटन आहे, त्यानं पण होतं. साखरेचा तुकडा काड्यांच्या रूपात बाहेर दिसत राहील, तो जिथं बसलाय तीच आपली खाच. फिरवून ती समोर आणा.

आता खरा प्रयोग. "सरफेस प्रोटीन प्रोबरेडियस ३" टाका. प्रोब म्हणजे आपली ती फिरवायची गोळी, तिची त्रिज्या आता १.४ च्या जागी ३. खाच उथळ होईल, कडा बोथट होतील, जसं जाड रंगाचा हात दिल्यावर भिंतीच्या भेगा बुजतात तसं. मग ०.५ टाका. आता सगळीकडं चिरा आणि भोकंच भोकं, कुठली महत्त्वाची कळतच नाही. परत १.४ वर या. माझ्या वर्गात ही तीन चित्रं शेजारी शेजारी लावल्याशिवाय मी पुढं जात नाही, कारण रेणू तोच, फाइल तीच, आणि खाच तीन प्रकारची. कुणी पुढं येऊन म्हणालं की "या प्रोटीनला खोल पॉकेट आहे", तर तुमच्या तोंडातनं आपोआप आलं पाहिजे, "किती प्रोब घेतलाय?"

दोन गोष्टी इथं खटकू शकतात. एक म्हणजे एक्स-रेच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा हायड्रोजन नसतात, ते एक्स-रेला नीट दिसत नाहीत. कायमेरा एक्स अशा वेळी कार्बन वगैरेंना थोडी मोठी त्रिज्या देऊन भरपाई करतं, त्यामुळं एका मुलानं हायड्रोजन घालून आणि दुसऱ्यानं न घालता सरफेस काढला तर थोडा फरक पडणारच. दुसरं, रचनेत काही टोकं हलती असतात, ती दिसत नाहीत म्हणून फाइलमध्ये लिहिलेलीच नसतात, आणि तिथं सरफेसला खोटा खड्डा पडतो. पानावर मिसिंग रेसिड्यू लिहिलेले असतात ते याचसाठी बघायचे.

मोठा रेणू घेतला, म्हणजे रायबोसोम किंवा विषाणूचं अख्खं कवच, तर लॅपटॉप गरम होऊन पंखा ओरडायला लागतो. सरफेस काढताना सॉफ्टवेअर जागेचे बारीक चौकोनी घर पाडतं आणि प्रत्येक घरात आत-बाहेर बघून त्रिकोणांची जाळी विणतं. घराची बाजू कायमेरा एक्समध्ये ०.५ अँगस्ट्रॉम असते. ती दुप्पट केली तर घरं आठपट कमी, काम हलकं, चित्र थोडं खडबडीत. विषाणूसाठी मी सरळ "रेझोल्युशन ५" किंवा ८ देऊन धूसर, गोलसर सरफेस काढते, तिथं एकेक अणू बघायचाच नसतो.

पायरी ६ : रंग

रंग हा सगळ्यात धोक्याचा भाग, आणि मुलांना सगळ्यात आवडणारा पण.

पहिली गल्लत सांगते. अणूंना रंग द्यायची जुनी पद्धत आहे : कार्बन करडा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, गंधक पिवळा. आणि विद्युतभाराच्या नकाशात लाल म्हणजे ऋण, निळा म्हणजे धन. रंग तेच, अर्थ वेगळे! दोन्ही एकाच चित्रात मिसळले की वाचणाऱ्याला कळतच नाही लाल म्हणजे ऑक्सिजन की ऋण भार. म्हणून सरफेसला भाराचे रंग दिले असतील तर आतल्या काड्यांचे कार्बन हिरवे नाहीतर जांभळे करा आणि खाली लिहा.

"कुलॉम्बिक" टाका, किंवा पट्टीतलं इलेक्ट्रोस्टॅटिक बटन. लायसोझाइमचा गोळा बऱ्यापैकी निळा होईल. बरोबरच आहे, हे प्रोटीन धन भाराचं आहे, त्याचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो, ११ च्या आसपास आहे. बॅक्टेरियाची भिंत ऋण भाराची असते, त्यामुळं हा निळेपणा कामाचाच. आता खाचेकडं या. निळ्या गोळ्यात खाचेत लाल झाक दिसेल. "सिलेक्ट कोलन ३५ स्वल्पविराम ५२" टाका, मध्ये जागा न सोडता, स्वल्पविरामाचं चिन्ह घालून. ही दोन अमिनो आम्लं, ग्लुटामिक ३५ आणि अस्पार्टिक ५२, साखरेची साखळी तोडतात ती हीच. आणि नीट बघा, आपला साखरेचा तुकडा खाचेच्या वरच्या निम्म्या भागातच बसलाय, कात्रीच्या जागेच्या अलीकडं. तो तुटत नाही म्हणूनच क्रिस्टलमध्ये टिकला. पहिल्यांदा हे स्वतःच्या स्क्रीनवर बघितलं तेव्हा मी रात्री साडेअकराला आईला उठवून दाखवलं होतं.

हा कुलॉम्बिक हिशोब झटपट आहे, पाण्याचा आणि क्षारांचा परिणाम तो ढोबळमानानंच धरतो. पेपरसाठी आकडे हवे असतील तर एपीबीएस नावाचा प्रोग्रॅम पॉयसन-बोल्ट्झमन समीकरण सोडवून देतो, त्याआधी पीडीबी२पीक्यूआर वापरून हायड्रोजन आणि भार भरून घ्यायचे, पीएच पण तिथंच सांगायचा. शिकताना कुलॉम्बिक पुरे.

दुसरा रंग तेलकट-पाणकट. "एमएलपी" टाका. मोरपंखी म्हणजे पाण्याशी जमणारा भाग, आणि पिवळा, अगदी आपल्या मार्केट यार्डातल्या हळदीसारखा, तो तेलकट, पाण्यापासनं लांब राहू बघणारा. बाहेरच्या बाजूला मोठी पिवळी जागा दिसली की विचारायचं, इथं कोण येऊन बसत असणार? दुसरी साखळी, पेशीचा पडदा, का औषध? का माझ्यासारखं निम्मंच हिमोग्लोबिन उघडलंय?

रंगपट्टी नसलेलं चित्र मी जर्नलमध्ये लावून घेत नाही. दोन्ही कमांडच्या पुढं "की ट्रू" लिहिलं की पट्टी येते, तिच्यावर आकडे असतात. दोन प्रोटीनची तुलना करताना दोन्हीला एकच मर्यादा द्या, नाहीतर एकात फिक्का दिसणारा निळा दुसऱ्यात गडद दिसणार आणि भार तेवढाच असणार.

पायरी ७ : आत डोकावणं

"ट्रान्सपरन्सी ६० टार्गेट एस" केलं की सरफेस काचेसारखा होतो आणि आतल्या फिती दिसतात. छान दिसतं, पण पारदर्शक चित्रात खोली कळत नाही, म्हणून मला कापून बघणं जास्त आवडतं. राइट माऊसच्या पट्टीत क्लिप निवडा आणि उजवं बटन ओढा, कलिंगड कापल्यासारखा रेणू कापला जातो. आत कधी कधी छोटे बंद फुगे दिसतात. तिथं पाण्याची गोळी मावते, पण बाहेरनं तिथं जायला वाट नाही. दाट घडाच्या पोटातली कोरडी जागाच ती. हे फुगे सरफेसच्या मापात धरायचे का नाही ते आधी ठरवा.

पायरी ८ : मोजा

"मेझर सासा प्रोटीन". सासा म्हणजे सॉल्व्हंट ॲक्सेसिबल सरफेसचं क्षेत्रफळ. लायसोझाइमला साडेसहा ते सात हजार चौरस अँगस्ट्रॉमच्या दरम्यान आकडा यायला पाहिजे. बराच वेगळा आला तर पाणी तसंच राहिलंय का, साखर धरली गेलीय का ते बघा.

दोन साखळ्या किती चिकटल्यात ते काढायचं तर पहिलीचा सरफेस अधिक दुसरीचा, वजा दोघी मिळून. घडातले दोन मणी चिकटले की जेवढी साल झाकली जाते तेवढं. "मेझर बरीडएरिया" हे थेट देतं, पण त्याची निम्मी करून देतं, कारण झाकलेली जागा दोन्हीकडून मोजली जाते. काही पेपरमध्ये निम्मी केलेली नसते. कुणाशी तुलना करताना आधी हे बघून घ्या, पूर्ण दुपटीचा फरक पडतो.

पायरी ९ : आता एकट्यानं करा, सिकलसेल

लायसोझाइम झालं की मी हा गृहपाठ देते. सिकलसेलचे रुग्ण आपल्या राज्यात नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या आदिवासी भागात जास्त आहेत, आणि हा आजार अक्षरशः सरफेसवरच्या एका ठिपक्याचा आहे.

आधी ४एचएचबी उघडा, साधं माणसाचं हिमोग्लोबिन, चारही साखळ्या आहेत. बी आणि डी या बीटा साखळ्या. त्यांच्यातलं ६ नंबरचं अमिनो आम्ल निवडा, ग्लुटामिक आहे, सरफेसवर बाहेर आलेलं, कुलॉम्बिकमध्ये ऋण. मग वेगळ्या खिडकीत २एचबीएस उघडा, हे सिकलसेलचं. यात दोन पूर्ण हिमोग्लोबिन शेजारी शेजारी आहेत. बी, डी, एफ, एच या बीटा साखळ्यांतलं ६ नंबर बघा, ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन. भार गेला, तेलकट टोक आलं.

सगळ्यावर सरफेस घालू नका, काहीच दिसणार नाही. एका हिमोग्लोबिनला सरफेस आणि एमएलपीचे रंग द्या, दुसऱ्याला फक्त फिती ठेवा आणि त्याच्या व्हॅलिन ६ ला गोळे करा. मग दोघांची अदलाबदल करा, आणि असे चारही व्हॅलिन एकेक करून जवळनं बघा. त्यातलं एक शेजारच्या बीटा साखळीच्या खळग्यात जाऊन बसलेलं सापडेल, खळग्याच्या भिंतीत फेनिलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८, दोन्ही तेलकट. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमध्येच हा खळगा नीट उघडतो, त्यामुळं रेणू एकमेकांत अडकून लांब दोरे होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. ५७४ अमिनो आम्लांच्या रेणूत बदल फक्त दोन जागी, दोन्ही बीटा साखळ्यांत एकेक. कोणती जोडी चिकटलीय ते मी सांगणार नाही, शोधायला साधारण पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात माऊस, सिलेक्शन, सरफेस सगळं हातात बसतं.

अल्फाफोल्ड आणि कर्क्युमिन

हल्ली मुलं थेट अल्फाफोल्डच्या डेटाबेसमधली फाइल घेतात. चांगली सोय आहे, पण ती भाकीत केलेली रचना आहे, आणि तिच्यात प्रत्येक जागेला भरवशाचा आकडा दिलेला असतो, ० ते १००. ५० च्या खालचे भाग बहुतेक वेळा नुसते लोंबणारे दोरे असतात. त्यांच्यासकट सरफेस काढला तर प्रोटीनभोवती भलतीच गुंडाळी दिसते आणि तिच्यात खोट्या खाचा तयार होतात. आधी भरवशाप्रमाणं रंग द्या, कच्चा भाग काढा, मग सरफेस. बसलेली साखर, धातू, पाणी यातलं काही त्या डेटाबेसच्या फाइलमध्ये नसतं, हे पण लक्षात असू द्या.

आणि सांगलीत राहून हे सांगायलाच पाहिजे. हळद आपली, भौगोलिक मानांकन आपलं, त्यामुळं दर तिसऱ्या प्रोजेक्टमध्ये कुठल्यातरी प्रोटीनच्या खाचेत हळदीतलं कर्क्युमिन डॉक केलेलं, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवून बघितलेलं असतं. करा, मी अडवत नाही. पण कर्क्युमिन पाण्यात टिकत नाही, आणि प्रयोगशाळेतल्या बऱ्याच चाचण्यांना ते खोटा होकार देतं म्हणून प्रसिद्ध आहे. खाचेत सुंदर बसलेलं पिवळं चित्र म्हणजे औषध सापडलं असं होत नाही. चित्रावरनं फक्त पुढचा प्रश्न ठरवायचा, त्याचं उत्तर बाकावर टेस्ट ट्यूबमध्येच मिळणार.

पायरी १० : चित्र जपून ठेवणं

पार्श्वभूमी पांढरी करा, काळी छापल्यावर शाई खाते. लाइटिंग सॉफ्ट ठेवा, खाचांमध्ये सावली पडते आणि खोली कळते, फुलमध्ये सावल्या इतक्या गडद होतात की रंग खोटे वाटायला लागतात. सिलुएट चालू करा, कडेला बारीक काळी रेघ येते. सेव्ह करताना "विड्थ २४०० सुपरसॅम्पल ३" द्या, स्क्रीनशॉट काढू नका, प्रिंटमध्ये फाटतो. लाल-हिरवा एकत्र वापरू नका, वर्गात एखाद्याला तरी त्यातला फरक दिसत नसतो.

चित्राखाली एवढं लिहाच : रचनेचा नंबर, कुठल्या साखळ्या, असेंब्ली कुठली, सरफेसचा प्रकार, प्रोबची त्रिज्या, रंग कशाचा आणि किती ते किती, सॉफ्टवेअरची आवृत्ती. लांबलचक वाटेल, दोन ओळीत बसतं.

आणि चित्रासोबत सेशन पण सेव्ह करा, सीएक्सएस फाइल. सहा महिन्यांनी गाइड म्हणणारच, "जरा डावीकडनं दाखव की", आणि नुसतं चित्र असंल तर पहिल्या पायरीपासनं परत. सेशन उघडलं की रेणू त्याच कोनात, त्याच रंगात समोर येतो. फाइलला नाव देताना मी नंबर, प्रोब आणि तारीख घालते, "१एचईडब्ल्यू, १.४, १२ ऑगस्ट" असं. "फायनल", "फायनल २", "खरं फायनल" अशी नावं कॉलेजच्या कॉम्प्युटरवर चाळीस फोल्डरमध्ये पडलीत, त्यातलं कुठलं कुणाचं आता सापडत नाही.

सरफेस एसटीएल म्हणून पण सेव्ह होतो, थ्रीडी प्रिंटरवाल्याकडं दिला की हातात धरता येईल असं लायसोझाइम मिळतं. छापायच्या आधी पातळ, लोंबणारे भाग बघून घ्या, ते मोडतात. आमच्याकडचं एक आहे मुठीएवढं, नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी ते बाकावरनं फिरवते आणि डोळे मिटून अंगठ्यानं खाच शोधायला सांगते.